टाचणीबाईंचा एकच बाप्तिस्मा

पडदा वर जातो. समोर उंच छताची, लांबट खोली. दोन्ही बाजूंना उभ्या खिडक्या, मधे बाकांच्या रांगा. कितीतरी हात टेकून टेकून बाकांच्या पाठी गुळगुळीत झालेल्या. पुढे एक बुटकं व्यासपीठ. एरवी पाळकसाहेब त्याच्या मधोमध उभे राहून बोलतात, पण आज तिथल्या फळ्या काढून भिंतीला लावून ठेवल्यात आणि खाली पाण्याने काठोकाठ भरलेला हौद दिसतोय. डावीकडून उतरायच्या पायऱ्या, उजवीकडून चढायच्या. आयुष्यभर मी रंगमंचावर वावरलो, फळीखालून भुतं निघालेली पाहिली, देव निघालेले पाहिले. मंचाच्या पोटात खरं पाणी मात्र मी इथेच पाहिलं.

डावीकडच्या पायऱ्यांशी एक ठेंगण्या, काटक बाई ओणव्या झाल्यात. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्यांची रांग. पांढरा झगा घातलेल्या एका स्थूल गृहस्थांचा घेर त्या चाचपतायत आणि तोंड न उघडता त्यांना दटावतायत.

"हलू नका हो. देवाला घाई नाही, तुम्हाला कसली?"

बाकांवर हसू फुटतं. बाईंची बोटं घेराच्या दुमडीवरून फिरतात आणि मधेच थांबतात. पुन्हा फिरतात. त्या वर बघतात तेव्हा चेहऱ्यावर हसू नसतं.

काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी या बाई कोण, ते कळायला हवं.

आमच्या नाटक मंडळीचा कपडेपट अर्ध्या आयुष्यभर यांच्या ताब्यात होता. टाचण्या सदा ओठांत, आणि बोलणंही तसंच, म्हणून सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत. मी बहुतेक राजांच्या भूमिका करायचो, म्हणून त्या मला राजे म्हणत, पण मान राजाचा नसे. "राजे, पोट आत घ्या. राज्य गेलं तरी चालेल, बटण जायला नको," असं त्या विंगेत सांगत आणि मी श्वास रोखून सिंहासनाकडे जाई. आजारी नटीला ताप असताना उभं करायचं, नवख्याचे थरथरणारे हात बाहीत घालायचे, भांडलेल्या दोघांना एकाच आरशासमोर बसवायचं, ही सगळी कामं त्यांची. आम्ही टाळ्या घ्यायला बाहेर जायचो, तेव्हा त्या आतल्या खोलीत घामेजलेले कपडे उलटे करून वाळत घालत असायच्या.

नाटकगृहाच्या शेजारच्या बोळात एक घड्याळजी बसायचा. उंच, मृदू, कमी बोलणारा. एका प्रयोगासाठी ठोके देणारं घड्याळ हवं होतं, ते बसवायला तो आत आला आणि बाईंच्या सुईत दोरा ओवून देऊन बाहेर गेला. पुढे त्यांचं लग्न आम्ही सगळ्यांनी मिळून लावून दिलं.

दोघं ख्रिस्ती, दोघं रोज प्रार्थना करणारे. तरी एका गोष्टीत दोन टोकांचे. ते मला कळलं तेही एका फजितीतून. एका रविवारी मी सहज त्या दोघांबरोबर घड्याळजींच्या चर्चमध्ये गेलो. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. पावाच्या तुकड्यांचं तबक बाकावरून हातोहात सरकत आलं, प्रत्येकाने एक तुकडा उचलला. तबक बाईंकडे आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी अदबीने घेतलं आणि तसंच घड्याळजींच्या हातात दिलं. मग द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचं तबक आलं. तेही तसंच पुढे गेलं. मला वाटलं, विसरल्या. मी कोपराने ढोसलं.

"बाई, तुमचं राहिलं."

"माझं नाही ते, राजे. पुढे बघा."

घरी चहा घेताना मी विषय काढलाच. "तुम्ही ख्रिस्ती, हेही ख्रिस्ती. मग अडलं कुठे?"

"पाण्यात," घड्याळजी म्हणाले.

बाईंनी शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं आणि मला समजावलं. त्यांच्या माहेरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो. आईबाप मूल घेऊन उभे राहतात, त्याच्या वतीने वचन देतात, पाळक कपाळावर पाणी शिंपडतो. मूल मोठं झालं, समजतं झालं, की सगळ्यांसमोर ते वचन स्वतःच्या तोंडाने घेतं आणि मग त्याला प्रभुभोजन मिळतं. घड्याळजींच्या मंडळीचं म्हणणं वेगळं. विश्वास ज्याचा त्यानेच धरायचा असतो, तान्ह्याला तो कसा धरता येईल? म्हणून बाप्तिस्मा जाणत्या वयात, आणि तोही अख्खं माणूस पाण्याखाली जाईल असा. ज्याचा असा बाप्तिस्मा झाला तोच सभासद, आणि सभासदालाच ते तबक.

"म्हणजे यांच्या हिशेबात माझा बाप्तिस्मा झालेलाच नाही," बाई म्हणाल्या. "मी नुसती भिजलेली."

"मी असं कधी म्हटलं?" घड्याळजी म्हणाले.

"तुम्ही नाही हो म्हटलंत. तुम्ही तर काहीच म्हणत नाही."

रस्त्याच्या टोकाला आणखी एक चर्च होतं. तिथे प्रभूवर प्रेम करणाऱ्या कुणालाही भोजनाला बसता येई, कुणाचा बाप्तिस्मा कसा झाला ते कुणी विचारत नसे. शेजारणींनी बाईंना तिकडे जायला सांगून पाहिलं. "जाईन की. चांगली माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "पण मग हे इथे, मी तिथे. जेवायलाच वेगळं बसायचं होतं तर लग्न कशाला केलं?"

मीही माझ्या परीने शहाणपण शिकवलं. "बाई, एका मिनिटाचं काम. पाण्यात जायचं, वर यायचं. भूमिका समजा आणि करून टाका."

त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. असं त्या क्वचितच करत.

"राजे, तुम्ही रोज मरायचात. पडदा पडला की उठून चहा मागायचात. त्यात खोटं काही नव्हतं, कारण बघणाऱ्याला ठाऊक होतं. तिथे मी पाण्यात गेले तर बघणाऱ्याला ते खरं वाटेल. मग ते नाटक नाही, फसवणूक." मग त्या म्हणाल्या, "माझे वडील गवंडी होते. बोलताना अडखळायचे. चारचौघांत तोंड उघडायचे नाहीत, लोक नकला करायचे म्हणून. माझ्या बाप्तिस्म्याला वचनाचे शब्द बापाने म्हणायचे होते. पाळक म्हणाले, तुमच्याऐवजी मी म्हणतो. वडील नाही म्हणाले. एकेक शब्द ओढून काढला त्यांनी. आई सांगायची, सगळी मंडळी श्वास धरून थांबली होती, कुणी खोकलंसुद्धा नाही. आता मी दुसरा बाप्तिस्मा घेतला, म्हणजे काय म्हटलं? की बाबा, तुम्ही उगाच त्रास घेतलात?"

मी पुन्हा तो सल्ला दिला नाही.

पण माघार घेऊन घरी बसायचाही त्यांचा स्वभाव नव्हता. दरवर्षी मंडळीच्या वार्षिक सभेआधी त्या सभासदत्वासाठी अर्ज करायच्या, आणि दरवर्षी चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन मंडळींपैकी एक गृहस्थ उत्तर घेऊन घरी यायचे. त्यांचा धंदा नळ बसवायचा, म्हणून सगळे त्यांना नळवाले म्हणत. चर्चमधला तो हौद त्यांनीच बांधलेला. माणूस कडक, पण आत एक बाहेर एक असं नाही.

"बाई, पाण्याच्या बाबतीत मी तडजोड करत नाही," ते दारातूनच म्हणायचे.

"म्हणून तर तुमचा नळ गळत नाही. मीही करत नाही. आत या, चहा घ्या."

चहा व्हायचा. उठताना ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी भेटू."

"भेटूच. तुम्ही फक्त तब्येत सांभाळा."

आणि गंमत बघा, ज्या हौदात स्वतः उतरायचं नाही म्हणून बाई हटून बसल्या, त्या हौदात उतरणाऱ्या प्रत्येकाचा झगा त्यांनीच शिवलेला. सैल झगा पाण्यात शिरला की आत हवा कोंडते आणि तो फुगून वर येतो. पूर्वी तिथे बायांची फार पंचाईत व्हायची. आमच्या नाटकातल्या पडद्याच्या खालच्या दुमडीत वजनं घातलेली असत, वाऱ्याने पडदा उडू नये म्हणून. बाईंनी तीच युक्ती तिकडे नेली. घेराच्या दुमडीत शिशाच्या छोट्या गोळ्या ओवून, प्रत्येक गोळीच्या दोन्ही बाजूंना टाका घातला. झगा मुकाट्याने खाली राहू लागला. कुणी विचारलं, "तुम्ही मानत नाही, मग शिवता कशाला?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मी कुठे म्हटलं तुमचा खोटा आहे? तुमचाही खरा, माझाही खरा. तुमचा जरा ओला जास्त."

वर्षं गेली. नाटक मंडळी मोडली, मी म्हातारा झालो, बाईंच्या चष्म्याची काच जाड झाली. मग घड्याळजींचं हृदय कुरकुरू लागलं. डॉक्टरांनी जिने बंद केले, दुकान पुतण्याकडे गेलं. एका सकाळी मी गेलो तेव्हा ते उशाला टेकून बसले होते आणि बाई त्यांच्या सदऱ्याचं बटण लावत होत्या.

"अगं," ते म्हणाले, "मी कधी मागितलं नाही. पण ते तबक एकदा तरी तुझ्यापाशी थांबलेलं बघायचंय. पुढच्या वर्षीच्या सभेचं आश्वासन मी देत नाही."

बाईंनी दोरा दाताने तोडला. "बघाल. पण मागच्या दाराने नाही."

मागचं दार लगेचच उघडून दाखवण्यात आलं. मंडळीत नवे पाळकसाहेब आले होते. तरुण, मायाळू, कुणाचं दुःख न बघवणारे. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "पुढच्या खेपेला तबक आलं की घ्या. मी दुसरीकडे बघेन."

"तुम्ही दुसरीकडे बघाल हो," बाई म्हणाल्या. "मी कुठे बघू?"

तर आता त्या हौदापाशी परत चला. नव्या पाळकसाहेबांचा इथला हा पहिला बाप्तिस्म्याचा रविवार. त्यांचं कौतुक म्हणून महिला मंडळाने सगळे झगे धुऊन, इस्त्री करून ठेवले होते. इस्त्री करताना दुमडीत खडे खडे हाताला लागले. कुणीतरी म्हणालं, बाईंची नजर गेली वाटतं, दोऱ्याच्या गाठी राहून गेल्यात. बिचाऱ्यांना कशाला सांगायचं, वाईट वाटेल. आणि त्या सगळ्याजणींनी मिळून, अत्यंत प्रेमाने, एकेक दुमड उसवून सगळ्या गोळ्या काढल्या आणि घेर पुन्हा सुरेख शिवून टाकले.

बाईंच्या बोटांना हेच कळलं होतं. पण तोवर पाळकसाहेबांनी क्रम बदलून नळवाल्यांच्या मुलीला आधी बोलावलं. बायांच्या खोलीचा पडदा सरकला, गाणं सुरू झालं, आणि बाईंचं "थांबा!" त्या गाण्यात बुडून गेलं.

मुलगी दोन पायऱ्या उतरली आणि झगा चहूबाजूंनी वर उठला. तिने पुढून दाबला तर मागून वर आला, मागून धरला तर बाजूने. ती हौदाच्या मध्यावर पोचली तेव्हा पांढरं कापड तिच्या खांद्यांभोवती छत्रीसारखं पसरलं होतं आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. पाळकसाहेबांचा आशीर्वादाचा हात वरच राहिला. गाणं ओळीच्या मधेच विरलं. पहिल्या बाकावरचे नळवाले उठून उभे राहिले. पुढे जावं की पाठ फिरवावी ते त्यांना कळेना. आणि टाचणीबाई पायातल्या चपलांसकट, चष्म्यासकट, मोजपट्टीसकट पाण्यात उतरल्या.

पाणी त्यांच्या छातीला लागलं. त्यांनी मुलीच्या पाठीवर एक चापट मारून हवा बाहेर काढली, घेर दोन्ही हातांनी गोळा करून खाली ओढला, गुडघ्यांच्या मधे घेतला, आणि ओठांतली एकेक टाचणी काढत झग्याची चक्क विजार करून टाकली. शेवटी काठ मुठीत धरून त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, "आता करा. मी धरलंय."

मुलगी पाण्याखाली गेली, वर आली, हसली. मंडळीने असा सूर लावला की खिडक्या थरारल्या. ती उजवीकडच्या पायऱ्या चढून गेली आणि हौदात उरले पाळकसाहेब आणि बाई.

गाणं संपलं. पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर एक वेडी आशा उगवलेली मला स्पष्ट दिसली.

"बाई," ते म्हणाले, "आता उतरलाच आहात."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, बाई, घ्या!" आणखी दोन-चार आवाज आले, सगळे प्रेमाचे. माझ्या शेजारी बसलेल्या घड्याळजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"आता घेतील का हो?" मी कुजबुजलो.

"नाही," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी विचारलं, "तुमचा येशू ख्रिस्तावर विश्वास आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात पुन्हा म्हणाल्या, "माझा येशू ख्रिस्तावर विश्वास आहे."

"मग नुसती मान मागे टाका. मी धरतो."

"ते झालंय माझं. तान्ही असताना वडिलांच्या तोंडून झालं, मोठी झाल्यावर माझ्या तोंडून. आज मी घेर धरायला उतरलेय, पाळकसाहेब. मान मागे टाकली तर तुमची अडचण सुटेल, यांना आनंद होईल, मलाही तबक मिळेल. तुम्ही सगळे म्हणाल, बाईंनी बाप्तिस्मा घेतला. आणि मला एकटीला माहीत असेल की बाईंनी सोय बघितली."

बाईंनी भिजलेला चष्मा कपाळावर सारला.

"आता त्या गृहस्थांना दोन मिनिटं थांबवा. त्यांनाही टाचून देते. त्यांचा घेर मोठा आहे."

त्यानंतरच्या वार्षिक सभेला मी मागच्या बाकावर बाईंशेजारी बसलो होतो. सभासद नसलेल्यांना बसता येतं, मत देता येत नाही. बाईंचा अर्ज नेहमीप्रमाणे वाचला गेला. नेहमीप्रमाणे नळवाले उठले. आता तेच नेहमीचं वाक्य येणार म्हणून काहीजण चुळबुळायलाही लागले.

"मी अजून म्हणतो," नळवाले म्हणाले, "पाणी डोक्यावरून गेलं पाहिजे. माझ्या मुलीच्या गेलं, नातवंडांच्याही जाईल. तो हौद मी बांधलाय आणि तो मी बुजवणार नाही. पण आपण माणसाला पाण्यात घेण्याआधी काय बघतो? हा मनापासून आलाय, की कुणाच्या सांगण्यावरून, कुणाला खूश करायला आलाय, ते बघतो. त्या दिवशी बाईंना खोटं बोलायला तोंडही उघडावं लागणार नव्हतं. नुसती मान मागे टाकायची होती. नवरा समोर आजारी बसलेला. त्यांनी नाही टाकली. त्या हौदात मी खूप जणांची उत्तरं ऐकली. एवढं खरं उत्तर ऐकलेलं मला आठवत नाही."

"मग नियमाचं काय?" कुणीतरी विचारलं.

"आपली रीत तीच राहील. पण दुसऱ्या मंडळीत लहानपणी बाप्तिस्मा होऊन ज्याने पुढे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, आणि जो आपल्यासमोरही तो कबूल करेल, त्याला सभासद करून घ्यावं, भोजनाला बसवावं. बाईंनी कबूल केलंय. छातीभर पाण्यात उभं राहून केलंय."

चर्चा झाली, थोडी तापलीही. मग हात वर झाले. पुष्कळ झाले, पण सगळे नाही. बाईंच्या पलीकडे बसणाऱ्या मैत्रिणीने हात मांडीवरून उचलला नाही. तिला ते पटलं नव्हतं आणि तिने ते लपवलंही नाही. पाळकसाहेबांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं, तेव्हा बाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "बसायचं मात्र शेजारीच हं. सरकून घे जरा, आता मला दोन्ही हात मोकळे लागणार."

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी घड्याळजी आले. पुतण्याच्या खांद्यावर हात टाकून, दारात दम घेत, पण आले. भोजनाआधी पाळकसाहेबांनी बाईंना पुढे बोलावलं आणि मंडळीच्या वतीने उजवा हात हातात घेऊन त्यांना सभासद म्हणून स्वीकारलं. नळवाल्यांनीही हात पुढे केला आणि पंपाचा दांडा हलवावा तसा बाईंचा हात हलवला.

मग तबक निघालं. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकत ते आमच्या रांगेत शिरलं. बाईंनी ते घेतलं. डाव्या हाताने धरून उजव्या हाताने एक तुकडा उचलला. घड्याळजी बघत होते, आणि मी घड्याळजींकडे बघत होतो. रंगमंचावर मी पुष्कळ रडलो, पण त्या दिवशी रुमाल शोधायला जो वेळ लागला तसा कधी लागला नव्हता. बाईंनी तुकडा तोंडात ठेवला आणि डोळे मिटून, सावकाश, बराच वेळ चावला. मग पेला घेतला. नवऱ्याने आपला पेला उचलेपर्यंत त्या थांबल्या आणि दोघांनी बरोबर ओठांना लावला.

बाहेर पायऱ्यांवर सगळे त्यांच्याभोवती जमले. नळवाले उगाच कठड्याजवळचा नळ तपासत होते. घड्याळजी पायरीवर टेकले होते, तेही वर बाईंकडे बघत होते.

"बाई," पाळकसाहेब म्हणाले, "इतक्या वर्षांनी... कसं वाटलं?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"पाव शिळा होता. इतकी वर्षं मला कळायला मार्ग नव्हता, आता सभासद आहे म्हणून सांगते. पुढच्या खेपेला ताजा आणा, नाहीतर मी भाजते."